शून्य गुणांची सिद्धता

तालुक्यात माझी जी काही कीर्ती आहे ती एकाच गोष्टीमुळे आहे. माझ्या हाताखालचं मूल दहावीला गणितात सहसा नापास होत नाही. ही फुशारकी नाही, कारण त्यात फुशारकी मारण्यासारखं फारसं काही नाही. पास होण्यापुरते गुण कुठून गोळा करायचे, कोणती प्रमेयं घोकायची, कोणत्या प्रश्नाला नुसतं सूत्र लिहिलं तरी एक गुण पदरात पडतो, हे मला तोंडपाठ आहे आणि ते मी मुलांकडून तोंडपाठ करून घेते. माझे वडील शिक्षक, आजोबाही शिक्षक. लोकांची पोरं पास करून देणं हा आपला घरचा धंदा आहे, असं वडील हसत हसत म्हणायचे.

मी शेवगावात राहते आणि रोज स्कूटीवरून एका गावच्या माध्यमिक शाळेत जाते. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस, मध्येच ऊस, पाणी कमी असेल त्या वर्षी नुसती तूर. वर्गात साठेक मुलं असतात. एवढ्या मुलांना शिकवायची माझी एक रीत ठरलेली होती. मागच्यांना ओढायचं, मधल्यांना ढकलायचं आणि पुढच्यांना कामाला लावायचं. कामाला लावायचं म्हणजे गटप्रमुख करायचं. ज्याचं गणित आधी सुटेल त्यानं उठून आपल्या रांगेतल्या चौघांच्या वह्या बघायच्या, चुकलेलं समजावून सांगायचं. यात सगळ्यांचंच भलं आहे अशी माझी पक्की समजूत होती. तपासणीला आलेले साहेबसुद्धा हे बघून खूश व्हायचे.

ती मुलगी आठवीत माझ्या वर्गात आली. हातावर कायम शाई, दप्तराची चेन तुटलेली, आणि फळ्यावर माझं गणित लिहून व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. "उत्तर तोंडात धर," मी तिला सांगायची, "बाकीच्यांना जरा विचार करू दे." ती ओठ घट्ट मिटून बसायची. ते बघून मला हसू यायचं.

आठवड्याभरात ती मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी आली.

"मॅडम, अजून अवघड द्या ना."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत मुलं माझ्याकडे गणित कमी करून मागायला येत होती. मी एक गाईड काढलं, त्यातल्या वीस गणितांवर खुणा केल्या आणि तिच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी ती गाईड परत घेऊन आली. वीसच्या वीस बरोबर होती.

"हे तर तेच हाय मॅडम," ती म्हणाली. "नुसते आकडे मोठे केलेत."

बोलणं खरं होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही. अवघड म्हणजे काय, हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. माझ्या लेखी अवघड म्हणजे मोठे आकडे, किंवा एकात एक तीन कंस, किंवा मागे एकदा बोर्डाला येऊन गेलेलं काहीतरी. मी तिला गटप्रमुख करून टाकलं. चार मुलं तिच्या हवाली केली आणि माझ्यापुरता तो प्रश्न मिटवला.

ते काम ती चोख करायची. मागच्या बाकावरच्या दोन मुलांना जे वर्गमूळ मला शिकवता आलं नव्हतं, ते तिनं शिकवलं. पण महिनाभरानं माझ्या लक्षात आलं की तिचं गणित आता इतरांबरोबरच सुटतंय. आधी वाटलं, बरंय, मुलगी जमिनीवर आली. मग एकदा तिच्या पाठीमागे उभी राहून पाहिलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात उत्तर लिहून झालं होतं आणि ती पेन हातात धरून खिडकीबाहेर बघत बसली होती. दुसऱ्या कुणाचं झालं की मगच ही हात वर करायची. पहिली आली की उठून वह्या बघाव्या लागतात, एवढा हिशेब तिनं केला होता. बक्षीस म्हणून मी तिला माझंच काम दिलं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी तिला आळशी म्हणाले.

नववीत तिचे प्रश्न वाढले. समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी एकमेकींना भेटत नाहीत, असं मी शिकवत होते. हिचा हात वर.

"मॅडम, पण लई लांब जाऊन कुनी बगितलंय का?"

वर्ग हसला. मी म्हणाले, "परीक्षेत विचारणार नाहीत." हे वाक्य मी दिवसातून तीनदा तरी म्हणायची. त्यानं वर्ग शांत होतो आणि तास वेळेत संपतो.

मुख्याध्यापकांकडे मी एकदा विषय काढला होता, नाही असं नाही. अशा मुलांसाठी शनिवारी वेगळा तास घ्यावा का, असं विचारलं. ते माणूस म्हणून चांगले आहेत, पण निकालाच्या कागदापलीकडे त्यांची नजर जात नाही. "मॅडम," ते म्हणाले, "हुशार मुलांची काळजी करू नका. ती तुमच्यावाचूनही पास होतात. काठावरच्यांकडे बघा." मला ते पटलं. खरं सांगायचं तर सोयीचं होतं म्हणून पटलं.

नववीच्या भूमितीत समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय आहे. ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या, त्याच्या पायाशी असलेले दोन कोनही सारखे. पुस्तकातली सिद्धता सोपी आहे. वरच्या कोनाचा दुभाजक काढायचा, त्रिकोणाचे दोन तुकडे होतात, ते दोन तुकडे एकरूप आहेत असं दाखवायचं, झालं. उत्तर लिहिताना चार मथळे द्यायचे असतात: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. पक्ष म्हणजे दिलेलं, साध्य म्हणजे दाखवायचं, आणि रचना म्हणजे आकृतीत आपण जादाची काढलेली रेघ. हे चार शब्द मी मुलांकडून पाढ्यासारखे म्हणून घेते. चाचणीत हे प्रमेय तीन गुणांना आलं होतं.

पेपर तपासायची माझी पद्धत अशी, की एक पेपर पूर्ण तपासत नाही. आधी सगळ्या गठ्ठ्यातला पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. त्यानं हात बसतो. प्रमेयाच्या प्रश्नापर्यंत आले की डोळे वाचत नसतात, ते मथळे शोधत असतात. पक्ष दिसला, साध्य दिसलं, रचना दिसली, सिद्धता दिसली, खाली आकृती दिसली, तीन गुण. एकेका पेपरला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही. गणिताचे बहुतेक शिक्षक असंच तपासतात. कबूल करतात थोडे.

तिच्या पेपरात रचना नव्हती. पक्ष होता, साध्य होतं, आणि त्यानंतर एकदम सिद्धता, तीही चार ओळींची. तिनं लिहिलं होतं की ए-बी-सी हा त्रिकोण आणि ए-सी-बी हा त्रिकोण एकरूप आहेत, म्हणून कोन सारखे. मी एवढंच पाहिलं की पोरीनं एकच त्रिकोण उलटसुलट नावानं दोनदा लिहिलाय आणि दुभाजक काढायला विसरलीय. शून्य दिलं. शेजारी लाल शाईत लिहिलं, 'रचना कुठे आहे?'

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पेपर वाटताना मी तिला उभं केलं.

"पुस्तक उघडायचं सोडून दिलंय का तू?" मी म्हणाले. "एका माणसाला घरी एक आणि शाळेत एक अशी दोन नावं असली म्हणून ती दोन माणसं होतात का?"

वर्ग खो खो हसला. माझ्या अशा बोलण्यावर वर्ग नेहमीच हसतो आणि ते मला आवडतं. ती म्हणाली, "पर मॅडम, त्रिकोन उलटा करून..." मी म्हणाले, "आधी सुलटा करायला शीक." पुन्हा हशा. ती खाली बसली.

त्यानंतर ती सुधारली. हा माझा तेव्हाचा शब्द आहे. सहामाहीला तिनं प्रत्येक प्रमेय पुस्तकातलं शब्दाला शब्द उतरवलं, चारही मथळ्यांखाली पट्टीनं रेघ मारून. पैकीच्या पैकी गुण. वर्गात प्रश्न विचारणं बंद झालं. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी येणं बंद झालं. सांगितलं की उठायची, चौघांच्या वह्या बघायची, जागेवर येऊन बसायची. स्टाफरूममध्ये मी सांगितलंसुद्धा, "जरा कान पिळला की मुलं वळणावर येतात." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. सभेला बहुतेक वडील मंडळी येतात, सही करतात आणि निघून जातात. तिची मात्र आई आली होती, रानातून थेट, केसांत कापसाचे तंतू. सगळे पांगले तरी ती थांबली.

"मॅडम, शाळेत काय झालंय का वो?"

"काही नाही. का?"

"न्हाई, पोरगी गप झालीया. आदी माजं लई डोकं खायची. कापूस येचताना सुदिक. म्हनायची, आये, ह्या टोकाकून मी निगाले आन त्या टोकाकून तू, तू माज्या दुप्पट येचती, तर आपली गाठ कुठं पडंल? मी म्हनायची, गप येच की. आता म्हनते मीच इचारते, आज गाठ कुठं पडंल गं? तर म्हनती, जाऊ दे ना आये."

बाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं आणि मला कळत असेल असं तिला वाटत होतं. मी तिला गुणपत्रक दाखवलं. म्हणाले, "हे बघा, पैकीच्या पैकी आहेत. मुलगी मोठी झाली, समज आली." तिनं गुणपत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "बरं" म्हणून ती गेली. तेव्हा मला किंचित खटकलं होतं, पण बाहेर अजून तीन पालक उभे होते.

हिवाळ्यात नगरला जिल्ह्यातल्या गणित शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षण म्हणजे सकाळी सही, मग चहा, मग भाषण, पुन्हा चहा. त्या दिवशी शिकवायला आलेले गृहस्थ मात्र जरा वेगळे निघाले. त्यांनी फळ्यावर समद्विभुज त्रिकोण काढला आणि विचारलं, "पायाचे कोन सारखे आहेत हे एकही जादा रेघ न काढता कोण सिद्ध करेल?"

सभागृहात आम्ही शंभरेक जण होतो. कुणीही उठलं नाही. मीही नाही. मग त्यांनी स्वतःच चार ओळी लिहिल्या. ए-बी-सी त्रिकोण घ्या आणि ए-सी-बी त्रिकोण घ्या. डावी बाजू उजवीएवढी, उजवी डावीएवढी, मधला कोन स्वतःएवढाच. दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन सारखे, म्हणजे बाकोबा कसोटी लागली. त्रिकोण स्वतःच्याच उलट्या रूपाशी एकरूप आहे, म्हणून डावा कोन उजव्या कोनाएवढा.

माझ्या पुढच्या रांगेत पारनेरकडचे एक गुरुजी होते. ते उठून म्हणाले, "पण सर, यात रचना कुठंय?"

सगळे हसले. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "नाही, तीच तर यातली गंमत आहे. लागतच नाही." कागदावर काढलेला त्रिकोण त्यांनी उचलला, उलटा केला आणि पुन्हा त्याच जागी ठेवला. बरोबर बसला. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दोन-चार टाळ्या वाजवून झाल्यावर माझे हात थांबले, कारण ह्याच चार ओळींना मी शून्य दिलं होतं.

मला लाज वाटली. ती वरवरची नव्हती, कानशिलं तापली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, "उकडतंय." महिना पौषाचा होता.

चाचण्यांचे गठ्ठे आम्ही वर्ष संपेपर्यंत कपाटात ठेवतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी तो गठ्ठा सोडला. मनात कुठेतरी अशी आशा होती की तिच्या लिहिण्यात काहीतरी खोट सापडेल, एखादी बाजू चुकलेली असेल, मग माझी चूक तीन गुणांची नाही, एखाद्याच गुणाची ठरेल. पेपर उभ्यानंच वाचला. चारही ओळी नीट होत्या. डावी उजवीएवढी, उजवी डावीएवढी, कोन सामाईक, बाकोबा. खाली तिनं कंसात लिहिलं होतं, 'कागद उलटा करून बघावे.' हे वाक्य मी तेव्हा पाहिलंही नव्हतं.

मुख्याध्यापकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गुण वाढवून टाका," ते म्हणाले, "रजिस्टरला मी सही करतो. वर्गात बोलायची काही गरज नाही. एकदा शिक्षक चुकतो म्हटलं की उद्या पोरं प्रत्येक गुणाला भांडतील." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण हसणं वर्गात झालं होतं, तेव्हा कपाटाआड तीन गुण वाढवून ते फिटणार नव्हतं.

मी तासाला गेले. ते प्रमेय फळ्यावर लिहिलं, तिच्या चार ओळींत. कागदाचा त्रिकोण कापून नेला होता, तो उलटा करून दाखवला. मग म्हणाले, "ही सिद्धता चाचणीत एका मुलीनं लिहिली होती. मी ती न वाचता शून्य दिलं. चूक माझी होती. वर तिला तुमच्यापुढं नावं ठेवली, तीही चूकच. तिचे तीन गुण मी दिले आहेत."

मला वाटलं होतं, वर्ग चिडीचूप होईल, ती वर बघेल, डोळ्यांत काहीतरी दिसेल. तसं काही झालं नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, माजंपन न वाचताच तपासलं आसंल, परत बगा की." दुसरा म्हणाला, "माजंबी." गलका झाला. मुख्याध्यापकांचं भाकीत एका मिनिटात खरं ठरलं. ती खाली मान घालून पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती. तास संपला तशी इतरांबरोबर निघून गेली.

आपण माफी मागितली की समोरच्यानं ती लगेच घ्यावी, असं शिक्षकाला वाटत असतं. आम्हाला लगेच उत्तर मिळायची सवय असते. पहिला आठवडा मी वाट पाहिली. तिला गटप्रमुखपदावरून काढलं आणि म्हणाले, "तुझं झालं की तुला हवं ते कर." ती "बरं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. स्टाफरूमच्या दाराशी कुणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मला तिचा रागही यायला लागला. एवढी मोठी बाई तुझ्यासमोर चुकले म्हणाली, अजून काय हवंय पोरी? हे तोंडावर आणलं नाही, एवढंच. पण एका बाजूला भीतीही होती. ह्या पोरीनं आता पुस्तक उतरवून काढायचं ठरवलं, तर ती जन्मभर पैकीच्या पैकी गुण मिळवत राहील आणि तिच्या डोक्यात स्वतःचं काही उगवायचं बंद होईल. ते मी केलेलं असेल आणि ते कुणाला दिसणारही नाही, कारण निकालात ते कुठेच येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती मधल्या सुट्टीत आली. दाराशी थांबली नाही, सरळ माझ्या टेबलापाशी येऊन एक पान ठेवलं.

"हे बरोबर हाय का बगा," म्हणाली आणि गेली.

पान मी घरी नेलं. अक्षर सुरेख, मथळे जागच्या जागी. तिनं स्वतःच एक विधान मांडलं होतं. त्रिकोणाच्या वरच्या कोनाचा दुभाजक जर पायाच्या बरोबर मध्यावर येऊन पडत असेल, तर तो त्रिकोण समद्विभुजच असतो. विधान खरं आहे, मला माहीत होतं. खाली सिद्धता होती. दुभाजकामुळे वरचे दोन कोन सारखे. पायाचे दोन तुकडे सारखे. दुभाजक दोन्हीकडे सामाईक. म्हणून बाकोबा कसोटीनं दोन्ही तुकडे एकरूप, म्हणून बाजू सारख्या. मी वाचलं, बरं वाटलं. फार बरं वाटलं. पोरगी परत आली, असंच मनात आलं. पेन उचलून 'छान' लिहिणार होते.

लिहिलं नाही याचं श्रेय मला नाही, कुकरच्या शिट्टीला आहे. गॅस बंद करून आले आणि सवयीनं नव्हे, जरा घाबरूनच पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. ह्या वेळी प्रत्येक ओळीला आकृतीवर बोट ठेवत गेले. चौथ्या ओळीला बोट अडलं. बाकोबात कोन दोन बाजूंच्या मधला लागतो. इथं घेतलेल्या बाजू होत्या पायाचा तुकडा आणि दुभाजक, आणि त्यांच्या मधला कोन खाली पायाशी होता. तिनं घेतलेला कोन वरचा होता. कसोटी लागतच नव्हती. विधान खरं होतं, शेवट खरा होता, म्हणून मधली खोट दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं. काय बोलायचं ते मी येताना रस्त्यात तीनदा घोकलं होतं. पुन्हा दुखवायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

"तुझं विधान खरं आहे," मी म्हणाले. "पण चौथ्या ओळीत चूक आहे. कोन मधला नाही."

"हाय," ती म्हणाली.

"काय हाय?"

"चूक हाय. मीच घातली हुती."

मला काही कळेना. "मुद्दाम?"

"व्हय. तुमी वाचताव का न्हाई, ते बगायचं हुतं."

माझा पारा चढला. आजवर कुण्या साहेबानं माझी अशी परीक्षा घेतली नव्हती, आणि ही चौदा वर्षांची पोरगी सापळा लावून कालपासून माझ्याकडे बघत बसली होती. बोलणार होते, चांगलं खडसावून बोलणार होते. पण मी गठ्ठेच्या गठ्ठे न वाचताच तपासले होते, आणि तिनं माझा एकच पेपर तपासला होता, तोही नीट वाचून. मी ते पान तिला परत दिलं.

तिनं दप्तरातून एक वही काढली. शाळेची नव्हती, रद्दीतल्या कोऱ्या बाजू शिवून केलेली. त्या शून्यानंतरचे सगळे महिने तिच्यात होते. वर्गाच्या वहीत ती पुस्तक उतरवत होती आणि ह्या वहीत स्वतःचं करत होती. माझी भीती खोटी ठरली होती. तिच्या डोक्यातलं काही बंद पडलं नव्हतं, ते फक्त माझ्यापर्यंत यायचं बंद झालं होतं. याचं मला वाईटही वाटलं आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

"पयलं बगा," ती म्हणाली.

पहिल्या पानावर प्रश्न होता: कुठल्याही त्रिकोणाचे असे तुकडे पाडायचे, की प्रत्येक तुकडा समद्विभुज असेल. चार तुकड्यांत ते नेहमीच होतं, हे तिनं शोधून काढलं होतं, आणि ते बरोबर होतं. तिन्ही कोन काटकोनाहून लहान असतील तर तीन तुकडेही पुरतात, हेही बरोबर होतं. पण एक कोन काटकोनाहून मोठा असेल, तर तिथंही दर वेळी तीन पुरतात का? त्याखाली सात पानं नुसत्या आकृत्या होत्या, खोडलेल्या.

मी तीन दिवस बसले. स्वयंपाकघरात बसले, पेपरच्या गठ्ठ्यावर वही ठेवून बसले, वडिलांची जुनी पुस्तकं काढली. काही झालं नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. स्टाफरूममध्ये सगळे होते आणि मुख्याध्यापकही चहा पीत उभे होते. एवढ्या वर्षांत मी कुठल्याही मुलाला हे वाक्य म्हणाले नव्हते, त्यामुळे ते तोंडातून नीट निघेना.

"मला हे येत नाही," मी म्हणाले.

ती जराही दचकली नाही.

"मलापन न्हाई येत मॅडम," ती म्हणाली, "म्हनून तर तुमाला दिलं."